पदवी घरात, पण मत यादीत आहे का? पदवीधर मतदारसंघ कसा चालतो आणि त्यात काय बदलायला हवं

मुठा (ता. मुळशी) : मुठा खोऱ्यात आज एकही पदवीधर नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. कुणी पुण्यात खोली करून बी.कॉम. केलं, कुणी कंपनीत पाळी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालं, कुठे सूनबाई पदवी घेऊनच घरात आली. पण पारावर बसलेल्यांना विचारा, यातल्या किती जणांनी पदवीधर मतदारसंघात मत टाकलंय? हात मोजकेच वर येतील. बऱ्याच जणांना आपल्याला असं आणखी एक मत मिळू शकतं हेच ठाऊक नसतं.

पुणे पदवीधर मतदारसंघाचे आमदार अरुण लाड यांची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते आहे. त्यामुळे निवडणुकीची चर्चा परत सुरू होणार, गाड्या फिरणार, मोबाइलवर संदेश येणार. त्याआधी ही निवडणूक असते कशी, तिच्यात अडचण कुठे आहे आणि सुधारणा कोणत्या मागता येतील, हे सरळ भाषेत समजून घेऊ.

हे मत कशासाठी असतं?

आपल्या राज्यात कायदे करणारी दोन सभागृहं आहेत. एक विधानसभा, तिचे २८८ आमदार आपण सगळे मिळून निवडतो. आपली मुळशी भोर विधानसभा मतदारसंघात येते. दुसरं सभागृह म्हणजे विधान परिषद, यालाच वरिष्ठ सभागृह म्हणतात. तिचे ७८ आमदार. यातले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका यांच्या सदस्यांच्या मतांवर येतात, १२ राज्यपाल नेमतात. राहिलेल्या १४ पैकी ७ शिक्षक निवडतात आणि ७ पदवीधर.

म्हणजे परिषदेत सर्वसामान्य माणसाला थेट मत देता येतं ते एवढ्या १४ जागांसाठी. तेही तो शिक्षक किंवा पदवीधर असेल तर.

पदवीधरांचे सात मतदारसंघ असे : मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. आपला पुणे मतदारसंघ म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे. विधानसभेच्या हिशेबात ५८ आमदारांचा मुलूख, आणि त्याला पदवीधरांचा आमदार एकच.

परिषद म्हणजे शोभेचं सभागृह, असं बरेच जण म्हणतात. पैशाच्या विधेयकावर तिचं फारसं चालत नाही हे खरं. बाकीची विधेयकंही ती थोडा काळ लांबवू शकते, कायमची अडवू शकत नाही. तरी तिथून मोठी कामं झालेली आहेत. ज्या रोजगार हमी योजनेवर आपल्या भागातले बांध आणि रस्ते झाले, तिचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. पुण्याच्या पदवीधरांनी समाजवादी नेते प्रा. ग. प्र. प्रधान यांना अठरा वर्षं परिषदेत पाठवलं. पुढे प्रकाश जावडेकर आणि चंद्रकांत पाटील हेही याच मतदारसंघातून दोन-दोनदा निवडून गेले. नितीन गडकरी अनेक वर्षं नागपूर पदवीधरचे आमदार होते. म्हणजे जागा एक असली तरी हलकी नाही.

ही पद्धत आली कुठून?

पदवीधरांना वेगळी जागा ही कल्पना विलायतेतली. तिकडे ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा विद्यापीठांच्या पदवीधरांना आपल्या गावचं एक मत आणि विद्यापीठाचं दुसरं मत असायचं. इंग्रजांनी १९४८ च्या कायद्याने ते दुसरं मत काढून टाकलं. आपल्याकडे मात्र घटनेच्या १७१ व्या कलमात परिषदेच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या जागा पदवीधरांना आणि तेवढ्याच शिक्षकांना दिल्या गेल्या.

त्या काळचा विचार केला तर त्यात अर्थ होता. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसं लिहिता-वाचता येणारी होती. तालुक्यात एखादा पदवीधर असला तर अर्ज लिहून घ्यायला लोक त्याच्याकडे रांग लावायचे. शिकलेल्या माणसांचा सल्ला कायदे करताना मिळावा, एवढाच हेतू. आज घरटी शिकलेली पोरं आहेत. मतदारसंघ मात्र तसाच राहिला.

मतदार कोण होऊ शकतो?

तीन गोष्टी लागतात. एक, तुम्ही मतदारसंघातले रहिवासी हवेत. दोन, भारतातल्या विद्यापीठाची पदवी किंवा सरकारने तिच्या बरोबरीची ठरवलेली पात्रता हवी. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. तीन, पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. ही तीन वर्षं १ नोव्हेंबर या तारखेपासून मागे मोजतात. २०२६ च्या निवडणुकीसाठी १ नोव्हेंबर २०२५ ही तारीख धरली. म्हणजे ज्याची पदवी १ नोव्हेंबर २०२२ च्या आधीची, तो पात्र.

आता या तीन वर्षांच्या अटीचा परिणाम बघा. समजा एखादी मुलगी २०२३ च्या उन्हाळ्यात एकविसाव्या वर्षी पदवीधर झाली. २०२६ ला ती बसत नाही. पुढची निवडणूक सहा वर्षांनी, २०३२ ला. मध्येच पोटनिवडणूक लागली नाही तर तिला पदवीधर म्हणून पहिलं मत मिळेल तेव्हा ती तिशीची झालेली असेल. स्पर्धा परीक्षा, भरती, पहिली नोकरी, हे सगळे प्रश्न तोवर मागे पडलेले असतात. ज्या वयात पदवीधराचे प्रश्न टोकाचे असतात, नेमकं त्याच वयात त्याला पदवीधराचं मत नसतं.

आणखी एक गंमत आहे, ती फार जणांना माहीत नसते. मत द्यायला पदवी लागते, पण उभं राहायला लागत नाही. उमेदवार राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार आणि तीस वर्षं पूर्ण केलेला असला की झालं. तमिळनाडूतल्या अशाच एका जागेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. पदवीधरांच्या मतदारसंघातला उमेदवार स्वतः पदवीधर असलाच पाहिजे असं घटना म्हणत नाही, असा निकाल न्यायालयाने १९७२ मध्ये दिला. मी स्वतः बारावी शिकलेला. म्हणजे या निवडणुकीत मी अर्ज भरू शकतो, निवडून येऊ शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही.

खरी मेख यादीत आहे

विधानसभेच्या यादीत एकदा नाव लागलं की ते राहतं. तुम्ही गाव सोडलं किंवा माणूस गेला तरच ते काढतात. पदवीधरांच्या यादीचं तसं नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे दर निवडणुकीला ही यादी कोरी सुरू होते. मागच्या वेळी तुमचं नाव होतं, मतही दिलं होतं, तरी या वेळी नमुना १८ चा अर्ज नव्याने भरावा लागतो. माणसाची पदवी काही सहा वर्षांनी विरघळत नाही. यादीतलं नाव मात्र विरघळतं.

त्यात नोंदणीचे दिवस कोणते? २०२५ च्या जाहीर वेळापत्रकात सप्टेंबरच्या अखेरीस सूचना निघाली आणि अर्जाची शेवटची तारीख ६ नोव्हेंबर होती. म्हणजे दिवाळी आणि भातकापणी. मावळपट्ट्यात त्या महिन्यात माणूस खाचरात असतो. परतीचा पाऊस गाठायच्या आत कापून, वाळवून, भारे बांधून खळ्यावर आणायची घाई. त्या दिवसांत पदवीची झेरॉक्स काढायची, तिच्यावर साक्षांकनाची सही घ्यायची आणि घाट ओलांडून पिरंगुटमार्गे पौडच्या तहसील कार्यालयात जायचं, हे कोण करणार? अर्ज ऑनलाइनही भरता येतो. पण ज्या वाडीत फोन लावायला टेकाडावर चढावं लागतं, तिथे कागद अपलोड होईपर्यंत अर्धा दिवस जातो.

परिणाम काय होतो ते २०२० च्या यादीत स्पष्ट दिसतं. त्या वेळी पुणे पदवीधरमध्ये एकूण ४ लाख २६ हजार २५७ मतदार होते. २०११ च्या जनगणनेत या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या २ कोटी ३४ लाखांवर होती. जिल्हावार आकडे असे :

पुणे : १ लाख ३६ हजार ६११
कोल्हापूर : ८९ हजार ५२९
सांगली : ८७ हजार २३३
सातारा : ५९ हजार ७१
सोलापूर : ५३ हजार ८१३

वरवर पाहिलं तर पुणे पुढे दिसतं. पण लोकसंख्येशी ताडून बघा. २०११ ची लोकसंख्या धरली तर सांगली जिल्ह्यात दर हजार माणसांमागे ३१ पदवीधर मतदार होते, कोल्हापुरात २३, साताऱ्यात २०, पुण्यात १४ आणि सोलापुरात १२. पुण्याची लोकसंख्या त्यानंतर आणखी फुगली, तेव्हा खरं प्रमाण १४ च्याही खालीच असणार.

आता कुणी सांगेल का, की पुण्यात सांगलीपेक्षा निम्मेच पदवीधर आहेत? विद्यापीठ पुण्यात, कॉलेजं पुण्यात. आपल्या मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत हजारो इंजिनिअर रोज कामाला येतात. पदवीधर आहेत, पण ते यादीत नाहीत.

सांगलीकडे कारखाने, शिक्षणसंस्था, बँका, पतसंस्था यांचं जाळं जुनं आणि घट्ट आहे. अर्ज भरून घेणारी माणसं गावोगाव आहेत. गठ्ठ्याने अर्ज द्यायला नियमाने बंदी आहे. पण संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र देऊ शकतो आणि घरातला एक जण घरातल्या सगळ्यांचे. त्यामुळे जिथे संस्था मोठ्या, तिथे यादी मोठी, असा अर्थ या आकड्यांवरून निघतो. २०२० ला ६२ उमेदवार रिंगणात होते. अरुण लाड यांना १ लाख २२ हजार १४५ मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या संग्राम देशमुख यांना ७३ हजार ३२१. लाड कुंडलचे, देशमुख कडेगावचे. दोघेही सांगली जिल्ह्यातले.

यात बेकायदा काही नाही. सांगलीकरांनी मेहनत केली, अर्ज भरले, ते यादीत आले. दोष त्यांना देऊन चालणार नाही. पण ज्या निवडणुकीचा निकाल मतदानापेक्षा अर्ज भरून घेण्याच्या ताकदीवर झुकतो, ती पदवीधरांची निवडणूक कमी आणि जाळं असणाऱ्यांची जास्त होते. ज्याच्यामागे कारखाना नाही, संस्था नाही, असा डोंगरकपारीतला पदवीधर तिच्यात मोजलाच जात नाही.

मत टाकायची पद्धतही वेगळी

इथे यंत्र नसतं, कागदाची मतपत्रिका असते. तिच्यावर पक्षाचं चिन्ह नसतं. उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. पहिली पसंती ज्याला, त्याच्यापुढे १. मग वाटलं तर दुसऱ्यापुढे २, तिसऱ्यापुढे ३.

मोजणी कशी होते ते छोट्या हिशेबाने बघू. समजा शंभर मतं वैध ठरली. जिंकायला निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ५१ लागतात. यालाच कोटा म्हणतात. पहिल्या उमेदवाराला ४० मतं, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५. कुणीच ५१ गाठले नाहीत. मग सगळ्यात खालचा, म्हणजे तिसरा बाद होतो आणि त्याच्या २५ मतपत्रिकांवर दुसरी पसंती कुणाला आहे ते बघतात. त्यातल्या १८ दुसऱ्याला आणि ५ पहिल्याला गेल्या, दोघांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. आता दुसरा ५३ वर आणि पहिला ४५ वर. सुरुवातीला मागे असलेला दुसरा उमेदवार जिंकला. म्हणून दुसऱ्या पसंतीला किंमत असते. ती लिहिली नाही तर तुमचं मत अर्ध्या वाटेत थांबू शकतं.

पद्धत तशी चांगली आहे, कारण निम्म्या लोकांना मान्य असलेला माणूस निवडून येतो. पण ती नीट समजावून सांगितली जात नाही. बरोबरची खूण केली, आकडा न लिहिता अक्षरात 'एक' लिहिलं, सही केली, दोघांपुढे १ लिहिला, केंद्रावर दिलेलं जांभळं स्केच पेन सोडून खिशातलं पेन वापरलं, की मत बाद. पदवीधरांच्याच निवडणुकीत हजारोंनी मतं बाद होतात, हे आपल्याला शोभणारं नाही. पण नुसतं मतदाराला हसूनही चालणार नाही. सहा वर्षांतून एकदा वापरायची रीत कुणाच्या लक्षात राहणार?

सुधारणा कोणत्या मागता येतील?

पहिली आणि सगळ्यात गरजेची : यादी कायमची करा. एकदा नाव लागलं की मतदार मयत होईपर्यंत किंवा मतदारसंघ सोडेपर्यंत ते राहावं, विधानसभेच्या यादीसारखं. दर वेळी कोरी यादी करा असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. खोटी नावं राहू नयेत म्हणून यादी नव्याने करतात, हे कारण पटण्यासारखं आहे. पण त्यावर उपाय पडताळणीचा आहे. सगळ्यांचीच नावं पुसणं हा उपाय होत नाही.

दुसरी : विद्यापीठाकडून माहिती घ्या. आता पदव्या डिजिलॉकरवर मिळतात. कोण कधी पदवीधर झालं हे विद्यापीठाच्या दप्तरात आहे. मतदार ओळखपत्राशी ते जोडलं तर तीन वर्षं भरल्यावर नाव लावण्यासाठी मतदाराची संमती एवढंच विचारायला उरेल. साक्षांकित झेरॉक्सची धावपळ संपेल. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना तर याचा फार उपयोग होईल. पदवी माहेरच्या नावाने, ओळखपत्र सासरच्या नावाने, आणि मध्ये नावबदलाचा पुरावा शोधत बसायचं, यातच त्यांचे अर्ज राहून जातात.

तिसरी : बरोबरीच्या पात्रतेची यादी वाढवा. कोणती पात्रता पदवीच्या बरोबरीची धरायची हे निवडणूक आयोगाच्या संमतीने राज्य सरकार ठरवू शकतं, तशी कायद्यात सोय आहे. पदविका घेऊन वर्षानुवर्षं काम करणारा माणूस, आयटीआय करून कारखान्यात उभा असलेला कारागीर यांचं शिक्षण शिक्षण नाही का, हा प्रश्न सरकारला विचारता येतो. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

चौथी : खर्चाला मर्यादा घाला. विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा असते. विधान परिषदेच्या निवडणुकीला तशी मर्यादाच नाही. पाच जिल्ह्यांत पसरलेल्या मतदारांपर्यंत पोचायचं तर पैसा ओतणाराच पुढे जाणार. साधा माणूस उभा राहिला तरी सोलापूरच्या टोकापासून मुळशीच्या घाटापर्यंत त्याचं नावसुद्धा पोचत नाही.

पाचवी सगळ्यात मोठी : हा मतदारसंघ ठेवायचा की नाही? याविरुद्धचा युक्तिवाद सोपा आहे. बाप शेतकरी, त्याला आमदार निवडायला एक मत. मुलगा पदवीधर, त्याला दोन. लोकशाहीत सगळ्यांचं मत सारखं, मग पदवीवर जास्तीचं मत कशाला? शेतकऱ्यांना, मजुरांना, आशाताईंना अशी वेगळी जागा नाही. राजस्थान आणि आसामला नव्या विधान परिषदा द्यायच्या विधेयकांवर विचार करताना संसदेच्या स्थायी समितीनेही पदवीधर आणि शिक्षकांच्या जागांचा फेरविचार व्हावा असं सुचवलं होतं.

दुसऱ्या बाजूनेही बोलता येतं. रखडलेल्या भरत्या, विनाअनुदानित शाळांमधले बिनपगारी शिक्षक, कंत्राटी नेमणुका, पेन्शन हे विषय विधानसभेत रस्ते आणि पाण्याच्या गर्दीत मागे पडतात. ते लावून धरणारा एखादा आमदार असावा, असं बऱ्याच पदवीधरांना वाटतं. ते वाटणंही खोटं नाही.

निर्णय काहीही होवो, वाट फार अवघड नाही. परिषदेच्या जागांची वाटणी सांगताना घटनेतच म्हटलंय, की संसद कायद्याने दुसरी तरतूद करेपर्यंत ही रचना राहील. म्हणजे संसदेने साधा कायदा केला तरी ही वाटणी बदलता येते. इतक्या वर्षांत तो झाला नाही, कारण मागणीच झाली नाही. ज्यांना जुनी यादी सोयीची आहे ते मागणी करणार नाहीत, आणि जे यादीबाहेर आहेत त्यांना ती बदलता येते हेच माहीत नाही.

आयर्लंडमध्ये काय झालं?

आपल्यासारखीच पद्धत आयर्लंड देशात आहे. तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात ६० सदस्य, त्यातले सहा विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडायचे. पण मत कुणाला? डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज आणि नॅशनल युनिव्हर्सिटी, या दोनच ठिकाणच्या पदवीधरांना. बाकी कॉलेजांमधून शिकलेले बाहेर. १९७९ मध्ये तिथल्या जनतेने सार्वमत घेऊन घटना बदलली आणि इतर उच्च शिक्षणसंस्थांनाही मत देता येईल अशी वाट मोकळी केली. पण त्यावर कायदा करायचा राहिला तो राहिलाच. चाळीस वर्षांवर गेली. शेवटी बाहेर राहिलेला एक पदवीधर न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुना कायदा घटनेला धरून नाही असं सांगितलं. मग २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि सगळ्या उच्च शिक्षणाचा मिळून सहा जागांचा एकच मतदारसंघ करायचं ठरलं.

यातून घ्यायचं ते एवढंच. जनतेने कौल दिला तरी सरकारं चाळीस वर्षं गप्प बसू शकतात. यादीबाहेरचा माणूस उठून विचारतो तेव्हाच हालचाल होते.

आता आपण काय करायचं?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आहे त्या नियमात काय करता येईल ते बघा.

ज्यांनी नमुना १८ भरला होता त्यांनी यादीत आपलं नाव आहे का ते तपासावं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर किंवा पौडच्या तहसील कार्यालयात ते कळेल. पुणे विभागाचे विभागीय आयुक्त हे या मतदारसंघाचे मतदार नोंदणी अधिकारी असतात आणि तालुक्याला तहसीलदार त्यांच्या वतीने काम बघतात.

ज्यांचं राहिलं त्यांनी आता काय, म्हणून सोडून देऊ नका. कायद्याप्रमाणे उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत यादीत नाव घालता येतं. पण अर्जाच्या छाननीला दिवस लागतात, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. तहसीलला जाऊन त्या वेळचे आदेश विचारा. सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत, पत्त्याचा पुरावा आणि फोटो न्या. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रतही न्या. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.

आणि गावपातळीवर एक काम सहज होण्यासारखं आहे. नोंदणीची जाहीर सूचना साधारण सप्टेंबर संपता संपता निघते आणि २ ऑक्टोबरला आपली ग्रामसभा असते. ज्या वर्षी नोंदणी असेल त्या वर्षी ही सूचना ग्रामसभेत वाचून दाखवायची, नमुना १८ चे कोरे अर्ज ग्रामपंचायतीत ठेवायचे आणि तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांना एक दिवस गावात बसवून अर्ज घ्यायला तहसीलदारांना विनंती करायची. त्याच ग्रामसभेत यादी कायमची करावी आणि नोंदणीचे दिवस भातकापणीत ठेवू नयेत असा ठराव करून तो आयुक्तांना आणि निवडणूक आयोगाला पाठवायचा. एका गावाचा ठराव फायलीत पडून राहील. पण मुठ्यापासून माल्यापर्यंत खोऱ्याखोऱ्यातले ठराव गेले तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

पुढची नोंदणी कोरी यादी घेऊन २०३१ च्या पावसाळ्यानंतर येईल. तेव्हाही भात कापायला आलेलं असेल. ठराव करायला मधली वर्षं हातात आहेत.